आयसीयूतील फार्मासिस्टची रेसिडेन्सी : नाशिकमध्ये राहून तयारी कशी करावी

नाशिकमध्ये ‘रेसिडेन्सी’ म्हटले की समोरच्याला एमडी करणारा, रात्रपाळीने डोळे तांबारलेला डॉक्टर आठवतो. आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय ज्या शहरात म्हसरूळला आहे, तिथे हे साहजिकच म्हणावे लागेल. त्यामुळे फार्म. डी.च्या (डॉक्टर ऑफ फार्मसी या पदवीच्या) शेवटच्या वर्षाची एखादी विद्यार्थिनी घरी सांगते की मला क्रिटिकल केअरमध्ये, म्हणजे अत्यवस्थ रुग्णांच्या विभागात, रेसिडेन्सी करायची आहे, तेव्हा “म्हणजे तू औषधे देणार की डॉक्टर होणार?” हा प्रश्न ठरलेला असतो. प्रश्न भाबडा असला तरी त्याचे नेमके उत्तर स्वतःजवळ असल्याशिवाय या वाटेला लागू नये.

फार्मासिस्टच्या रेसिडेन्सीची आजची चौकट मुख्यतः अमेरिकेत घडली. तिथे फार्म. डी. झाल्यावर पहिले वर्ष सर्वसाधारण रुग्णालयीन कामाचे असते, आणि ते पूर्ण केलेल्यालाच दुसऱ्या वर्षी एखादी विशेष शाखा घेता येते. क्रिटिकल केअर ही त्यांपैकी एक शाखा आहे. दोन्ही वर्षे पगारी असतात आणि ‘एएसएचपी’ ही रुग्णालयीन फार्मासिस्टांची संघटना त्या कार्यक्रमांना मान्यता देते. दुसऱ्या वर्षातला उमेदवार मेडिकल आयसीयू, सर्जिकल आयसीयू, तातडीचा विभाग अशा ठिकाणी आळीपाळीने काम करतो, एक संशोधन प्रकल्प पुरा करतो आणि आपल्यामागून आलेल्यांना शिकवतो. तो डॉक्टर होत नाही आणि औषधांच्या खिडकीमागेही बसत नाही. राउंडवर, म्हणजे डॉक्टर एकेका रुग्णाला पाहत फिरतात तेव्हा, उभे राहून ‘हे औषध, इतका डोस, या वेगाने, इतके दिवस’ असे म्हणण्याची आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचा परिणाम पाहायला परत येण्याची जबाबदारी त्याच्यावर असते.

ही जबाबदारी केवळ शोभेची नाही. बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये झालेला आणि १९९९ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास या क्षेत्रात सगळ्यांना तोंडपाठ असतो. आयसीयूच्या राउंडवर फार्मासिस्ट उभा राहू लागल्यावर औषध लिहिण्यातील चुकांमुळे होणारे, टाळता येण्याजोगे अपाय दर हजार रुग्णदिवसांमागे १०.४ वरून ३.५ वर आले. फार्मासिस्टने केलेल्या ३६६ सूचनांपैकी ३६२ डॉक्टरांनी मान्य केल्या होत्या. मला यातला दुसरा आकडा जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण डॉक्टर ऐकत नाहीत ही आपल्याकडची आवडती तक्रार आहे आणि ती बऱ्याचदा सूचनेच्या कच्चेपणावर पांघरूण घालते.

आधी पदवीचे पाहू

फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियाने २००८ साली फार्म. डी.चे नियम आणले. हा अभ्यासक्रम सहा वर्षांचा असून त्यातले सहावे वर्ष रुग्णालयातील इंटर्नशिपचे असते. बी. फार्म. झालेल्यांसाठी त्याचाच तीन वर्षांचा पोस्ट बॅकॅलॉरिएट मार्ग आहे, आणि एम. फार्म.मध्ये फार्मसी प्रॅक्टिस हा विषय घेऊनही या कामाकडे वळता येते. कोणत्याही मार्गाने आलात तरी महाराष्ट्र राज्य फार्मसी कौन्सिलची नोंदणी चालू ठेवावी. ती लॅप्स झाल्याचे ध्यानात येते ते नेमके अर्ज भरताना.

मात्र डॉक्टरांच्या एमडी-डीएमसारखा, कौन्सिलने आखून दिलेला क्रिटिकल केअरचा रेसिडेन्सी अभ्यासक्रम आपल्याकडे फार्मासिस्टसाठी नाही. रुग्णालये ‘क्लिनिकल फार्मसी रेसिडेंट’, ‘ट्रेनी’, ‘फेलो’ अशा निरनिराळ्या नावांनी जागा काढतात आणि एकाच नावाखाली कुठे उत्तम शिक्षण मिळते, तर कुठे वर्षभर बिलिंग करावे लागते. म्हणून जागेचे नाव पाहू नका, तिथला दिवस कसा जातो ते पाहा.

रुग्णालय निवडताना काय विचारावे

नाशिकला त्र्यंबक रोडवरचे जिल्हा रुग्णालय आहे, आडगावला डॉ. वसंतराव पवार वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे, नाशिकरोडला महापालिकेचे बिटको आहे आणि खासगी रुग्णालये तर शहरभर आहेत. मुलाखतीला जाल तेव्हा तुम्हीही चार प्रश्न विचारावेत. त्यात संकोच वाटण्यासारखे काही नाही. आयसीयू एका इंटेन्सिव्हिस्टच्या (अतिदक्षता तज्ज्ञाच्या) हाताखाली चालते, की प्रत्येक रुग्णाचे कन्सल्टंट आपापल्या सवडीने येऊन जातात? दुसऱ्या प्रकारच्या आयसीयूत राउंड अशी नसतेच. सकाळी सात ते रात्री दहा या वेळेत तुम्हाला निरनिराळ्या डॉक्टरांना गाठत फिरावे लागते. शिकवायला नेमलेला वरिष्ठ क्लिनिकल फार्मासिस्ट आहे का, आणि त्याच्या इतर कामांतून तुमच्यासाठी वेळ राखून ठेवला आहे का? फार्मसीच्या काउंटरवर माणूस कमी पडला तर तुम्हाला खाली बोलावले जाईल का? आणि तुम्ही दिलेली सूचना कुठे लिहिली जाते, केस पेपरवर की नुसत्याच वहीत?

शिकवणाऱ्याबद्दल थोडे जास्त सांगतो. एएसएचपीच्या पद्धतीत शिकवणाऱ्याच्या चार भूमिका मानल्या आहेत. आधी तो समजावून सांगतो, मग स्वतः करून दाखवतो, मग शेजारी उभा राहून तुमच्याकडून करवून घेतो आणि शेवटी तुम्हाला एकट्याला सोडून हाकेच्या अंतरावर थांबतो. आपल्याकडे पहिल्या भूमिकेवरून थेट चौथ्यावर उडी मारण्याची खोड आहे. मधल्या दोन पायऱ्या तुमच्या वाट्याला येत नसतील, तर तोंड उघडून मागून घ्या: “सर, आज पाच नंबरच्या बेडचा व्हँकोमायसिनचा डोस तुम्ही माझ्यासमोर काढा, उद्या मी तुमच्यासमोर काढतो.”

राउंडच्या आधीचे दोन तास

राउंड साडेनऊला असेल तर साडेसातला आयसीयूत पोहोचावे. प्रत्येक रुग्णासाठी एक कागद असावा आणि त्यावर सगळ्यात आधी वजन लिहावे, तेही कसे कळले त्यासह. मोजले, नातेवाइकांनी सांगितले, की कोणीतरी पायथ्याशी उभे राहून ‘साठ असेल’ असे ठोकले? आयसीयूतील सगळ्यात बेभरवशाचा आकडा हाच असतो आणि निम्मे डोस त्यावर उभे असतात. त्याखाली तीन दिवसांचे क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारी रक्ततपासणी), तासातासाची लघवी, शिरेत कोणत्या लाइन किती आहेत, रायल्स ट्यूब (नाकातून जठरात जाणारी नळी) आहे का, प्रत्येक अँटिबायोटिकचा आज कितवा दिवस आणि रुग्ण घरी कोणती औषधे घेत होता, हे लिहावे. घरच्या औषधांसाठी बाहेर बाकड्यावर बसलेल्या नातेवाइकांकडेच जावे लागते. प्लॅस्टिकच्या पिशवीतून निघालेली अर्धी स्ट्रिप कधी कधी सगळा उलगडा करते.

त्यानंतर बेल्जियमचे डॉक्टर जाँ-लुई व्हिन्सेंट यांनी २००५ साली मांडलेली ‘फास्ट हग’ ही सात मुद्द्यांची उजळणी करावी: पोषण, वेदनाशमन, गुंगी, रक्ताच्या गुठळ्यांचा प्रतिबंध, डोक्याकडची बाजू ३० ते ४५ अंश वर, ताणामुळे होणाऱ्या जठरव्रणाचा प्रतिबंध आणि रक्तातील साखर. दहा रुग्णांसाठी ती वीस मिनिटांत होते. तिचा खरा उपयोग औषध वाढवण्यापेक्षा थांबवण्यासाठी होतो. रुग्ण व्हेंटिलेटरवरून निघून दोन वेळचे जेवू लागला तरी जठरव्रण टाळण्यासाठीचे पँटोप्राझोलचे इंजेक्शन चालूच असते.

मूत्रपिंड आणि माझी एक चूक

मूत्रपिंड मिनिटाला किती गाळते याचा अंदाज देणारे कॉकक्रॉफ्ट-गॉल्टचे सूत्र सगळ्यांना पाठ असते: १४० मधून वय वजा करा, वजनाने गुणा, ७२ गुणिले क्रिएटिनिन याने भागा, आणि स्त्री असेल तर ०.८५ ने गुणा. सत्तर वर्षांच्या, पन्नास किलो वजनाच्या आजींचे क्रिएटिनिन १.४ असेल तर रिपोर्टवर ते फारसे भीतीदायक दिसत नाही, पण उत्तर मिनिटाला सुमारे २९.५ मिलिलिटर येते. मेरोपेनेम हे अँटिबायोटिक १ ग्रॅम दर आठ तासांऐवजी दर बारा तासांनी द्यावे, असे तक्ता सांगतो.

नवखा असताना एका रुग्णालयात सेप्टिक शॉकच्या (जंतुसंसर्गाने रक्तदाब ढासळलेल्या) रुग्णाबाबत पहिल्याच सकाळी मी अगदी हेच मोठ्या आत्मविश्वासाने राउंडवर सांगितले. सरांनी केस पेपरवरून मान न उचलता विचारले, “गेल्या सहा तासांत युरिन किती झाली?” मी पाहिली नव्हती. सलाईन आणि रक्तदाब वाढवणारे नॉरॲड्रेनॅलिन सुरू झाल्यावर लघवी वाढत चालली होती, म्हणजे ते क्रिएटिनिन आदल्या रात्रीची गोष्ट सांगत होते. हे सूत्र स्थिर क्रिएटिनिनसाठी आहे. क्रिएटिनिन तासागणिक बदलत असताना त्याचे उत्तर आकड्यासारखे दिसते, इतकेच. शिवाय सेप्सिसच्या पहिल्या एक-दोन दिवसांत डोस कमी पडण्याचा धोका जास्त पडण्यापेक्षा मोठा असू शकतो, आणि पहिला डोस तर मूत्रपिंड पाहून कमी करायचाच नसतो. त्या दिवसापासून माझ्या कागदावर लघवीचा रकाना क्रिएटिनिनच्या आधी येतो.

सिरिंज पंपाशेजारी उभे राहून

नॉरॲड्रेनॅलिनचे गणित पुस्तकात सोपे आहे. ५० मिलिलिटरमध्ये ४ मिलिग्रॅम घातले तर दर मिलिलिटरला ८० मायक्रोग्रॅम होतात. साठ किलोच्या रुग्णाला किलोमागे मिनिटाला ०.१ मायक्रोग्रॅम द्यायचे तर तासाला ३६० मायक्रोग्रॅम, म्हणजे पंपावर ४.५ मिलिलिटर. इथवर कोणीही येतो. आता ॲम्प्यूल हातात घ्या आणि उजेडात धरून लेबल वाचा. नॉरॲड्रेनॅलिन हे बायटार्ट्रेट या क्षाराच्या रूपात येते आणि २ मिलिग्रॅम क्षारात मूळ औषध सुमारे १ मिलिग्रॅमच असते. दोन मिलिलिटरच्या ॲम्प्यूलवर ठळक अक्षरांत ४ मिलिग्रॅम क्षार लिहिलेला असेल, तर त्यात मूळ औषध २ मिलिग्रॅमच आहे. एका पाळीने क्षार धरून आणि दुसऱ्या पाळीने मूळ औषध धरून सिरिंज भरली, तर पंपावरचा आकडा तोच राहून रुग्णाला मिळणारे औषध दुप्पट किंवा निम्मे होते, आणि रक्तदाब का ढासळला याचे कारण सगळे रुग्णात शोधत बसतात. खरेदी विभागाने कंपनी बदलली की हा घोळ हमखास होतो. म्हणून नवा ब्रँड आयसीयूत आला की त्याच दिवशी सिस्टरांना लेबल दाखवून सिरिंजवर काय लिहायचे ते ठरवून टाकावे.

कोलिस्टिन या अँटिबायोटिकचे दुखणेही असेच आहे. दहा लाख युनिट म्हणजे कोलिस्टिमेथेट सोडियम सुमारे ८० मिलिग्रॅम, पण कोलिस्टिन बेस, म्हणजे मूळ औषध, सुमारे ३३ मिलिग्रॅम. परदेशी लेखातील मिलिग्रॅम आणि इथल्या व्हायलवरचे युनिट यांची सांगड घातल्याशिवाय डोस बोलू नये.

कोणते औषध कशात मिसळायचे, हा सिस्टरांकडून दिवसातून सर्वाधिक वेळा येणारा प्रश्न आहे. फेनिटॉइन हे झटक्यांवरचे औषध नॉर्मल सलाईनमध्येच द्यावे, कारण डेक्स्ट्रोजमध्ये त्याचा साका धरतो, आणि वेग मिनिटाला ५० मिलिग्रॅमच्या वर जाऊ देऊ नये. सेफ्ट्रिॲक्सोन रिंगर लॅक्टेटबरोबर एकाच लाइनमधून सोडू नये, कारण त्यातील कॅल्शियमशी त्याचा अवक्षेप होतो. १५ टक्के पोटॅशियम क्लोराइडच्या १० मिलिलिटरच्या एका ॲम्प्यूलमध्ये २० मिलिइक्विव्हॅलंट पोटॅशियम असते. ते कधीही विरळ न करता देऊ नये आणि शक्यतो इतर ॲम्प्यूलच्या ट्रेमध्ये ठेवूही नये. रायल्स ट्यूब असेल तर कोणत्या गोळ्या कुटायच्या नाहीत, याची यादी आयसीयूत भिंतीवर लावावी. एसआर, सीआर किंवा एक्सएल लिहिलेली (औषध हळूहळू सोडणारी) गोळी खलबत्त्यात घातली की बारा तासांचा डोस एकदम पोटात जातो, आणि हे काम बहुधा ज्या मावशींकडे किंवा नव्या सिस्टरांकडे असते त्यांना ते कोणी सांगितलेलेच नसते.

इथल्या जिल्ह्याचे दोन विषय

परदेशी पुस्तकांत जे थोडक्यात येते, ते नाशिकच्या फार्मासिस्टला सविस्तर यायला हवे. निफाड, दिंडोरीच्या पट्ट्यात द्राक्षाच्या गोडी छाटणीनंतर फवारण्यांचे दिवस सुरू होतात आणि विषबाधेचा रुग्ण वर्षभर केव्हाही येऊ शकतो. नातेवाइकांनी आणलेली बाटली तुमच्या हातात आली पाहिजे. तिच्यावरचे घटकाचे नाव वाचून ते ऑर्गॅनोफॉस्फेट गटातले कीटकनाशक आहे, पायरेथ्रॉइड गटातले आहे की पॅराक्वाटसारखे तणनाशक आहे, हे सांगणे तुमचे काम आहे. पॅराक्वाट असेल तर ऑक्सिजन सढळ हाताने दिल्यास फुप्फुसांची हानी वाढते, त्यामुळे नाव लवकर कळण्याला मोल आहे. ऑर्गॅनोफॉस्फेटमध्ये ॲट्रोपिन हा उतारा १.८ ते ३ मिलिग्रॅमपासून सुरू करून दर पाच मिनिटांनी दुप्पट करत नेतात आणि छाती मोकळी होणे, नाडी व वरचा रक्तदाब ८० च्या वर येणे या खुणांवर थांबतात. आता स्टॉकचे गणित मांडा. ३, ६, १२ आणि २४ मिलिग्रॅम असे चार डोस लागले तर एकूण ४५ मिलिग्रॅम, म्हणजे ०.६ मिलिग्रॅमच्या ७५ ॲम्प्यूल, आणि त्याही पंधरा मिनिटांत. तुमच्या आयसीयूच्या कपाटात आज किती आहेत, ते हा परिच्छेद वाचून झाल्यावर मोजून या.

दुसरा विषय सर्पदंशाचा. पेठ, सुरगाणा, इगतपुरी, त्र्यंबकेश्वर भागांतून भातलावणीच्या दिवसांत रुग्ण येतात. आपल्याकडची प्रतिविषलस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारांवर चालते, मुलांना आणि मोठ्यांना तिचा डोस सारखाच असतो आणि तिची पूड हळूहळू विरघळते. घाईने व्हायल खडाखडा हलवली तर नुसता फेस होतो. तळव्यांमध्ये धरून फिरवत राहावे लागते. दहा व्हायल तयार करायला एकटी सिस्टर पुरी पडत नाही, तेव्हा फार्मासिस्टने बाह्या सरसावून शेजारी बसावे आणि रिॲक्शन आली तर हाताशी असावे म्हणून ॲड्रेनॅलिन आधीच भरून ठेवावे.

राउंडवर कसे बोलावे

एका रुग्णाबद्दल तीनच वाक्ये बोलावीत: काय दिसले, त्याने काय होईल आणि काय करावे, आणि तिसऱ्या वाक्यात आकडा असलाच पाहिजे. “सर, यांना लिनेझोलिडचा आज बारावा दिवस आहे आणि प्लेटलेट दीड लाखावरून ऐंशी हजारांवर आल्या आहेत. औषध चालू ठेवले तर त्या आणखी उतरतील, आणि कल्चरमध्ये आता ग्रॅम पॉझिटिव्ह जंतू नाहीत. आज बंद करून ४८ तासांनी प्लेटलेट पाहूया का?” एवढे पुरे. ‘कन्सिडर करता येईल’ अशी मोघम सूचना डॉक्टर ऐकतात आणि पुढच्या बेडकडे जातात. सिस्टरांच्या हातून काही राहिले असेल तर ते राउंडवर चारचौघांत काढू नये. त्यांना आधी बाजूला जाऊन सांगावे. आयसीयूत तुम्हाला टिकवणाऱ्या किंवा घालवणाऱ्या त्याच असतात. सूचना नाकारली गेली तर तीही कारणासह नोंदवावी आणि संध्याकाळी रुग्णाला पुन्हा पाहावे.

परदेशी परीक्षा

अमेरिकेला जायचे असेल तर पहिला टप्पा एनएबीपी या तिथल्या फार्मसी मंडळांच्या संघटनेच्या एफपीजीईसी प्रमाणपत्राचा आहे; ते परदेशी फार्मसी पदवीधरांसाठी असते. १ जानेवारी २००३ नंतर पदवी घेतलेल्यांसाठी त्याला किमान पाच वर्षांचा फार्मसी अभ्यासक्रम लागतो, त्यामुळे नुसत्या चार वर्षांच्या बी. फार्म.वर ते मिळत नाही. हे न पाहताच क्लासची फी भरणारे मी पाहिले आहेत. त्यात एफपीजीईई ही परीक्षा आणि इंग्रजीसाठी टोफेलसारखी परीक्षा येते. पुढे पहिल्या वर्षाच्या रेसिडेन्सीसाठीचे अर्ज साधारण वर्षारंभी जातात, ‘मॅच’चा (उमेदवार आणि कार्यक्रम यांची जोडी लावण्याच्या प्रक्रियेचा) निकाल मार्चमध्ये लागतो आणि काम जुलैच्या आसपास सुरू होते. व्हिसा देण्यास तयार नसलेले कार्यक्रम बरेच असतात, तेव्हा अर्ज करण्यापूर्वी प्रत्येकाला ते विचारून घ्यावे.

जायचे नसेल त्यांच्यासाठी बोर्ड ऑफ फार्मसी स्पेशालिटीज या अमेरिकी मंडळाची क्रिटिकल केअरची परीक्षा आहे. ती २०१५ पासून होते आणि आपल्या देशात नोंदणी असलेल्या फार्मासिस्टलाही देता येते. रेसिडेन्सी झालेली नसल्यास आयसीयूतील कामाचा अनुभव दाखवावा लागतो, म्हणून तुमच्या नेमणूक पत्रात आणि अनुभवाच्या दाखल्यात नुसते ‘फार्मासिस्ट’ न लिहिता विभाग व कामाचे स्वरूप लिहून घ्यावे. नोकरी सोडल्यावर तो मजकूर बदलून मिळत नाही.

वर्षाचा प्रकल्प

विषय लहान घ्यावा. सेप्टिक शॉकमध्ये अँटिबायोटिकचा पहिला डोस तासाभरात जावा, असे सर्व्हायव्हिंग सेप्सिस मोहिमेच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. तुमच्या आयसीयूत तो किती वेळात जातो, एवढाच प्रश्न वर्षभराला पुरतो. आधी एथिक्स कमिटीची परवानगी घ्यावी. मग प्रत्येक रुग्णामागे चार वेळांची नोंद करावी: डॉक्टरांनी ऑर्डर लिहिली ती, इंडेंट (औषधाची मागणी) खाली फार्मसीत पोहोचला ती, औषध वर आले ती आणि प्रत्यक्ष डोस सुरू झाला ती. चौथी वेळ बिलावरून घेऊ नये, कारण बिल औषध निघतानाच होते; ती सिस्टरांच्या चार्टवरून घ्यावी आणि पहिले काही दिवस स्वतः बेडशेजारी घड्याळ घेऊन उभे राहून चार्टमधील वेळेशी पडताळावी. सिस्टरांना मात्र हे का करत आहात ते आधीच सांगून ठेवावे, नाहीतर दुसऱ्या दिवसापासून चार्टवरच्या सगळ्या वेळा पाचाच्या पटीत आणि तासाच्या आतल्याच दिसू लागतात.